आमची वाटचाल: 2147483647 आणि तिच्यापुढे

आमची फर्म लहान आहे. रांगांचं सिम्युलेशन हे आमचं काम: काउंटर किती ठेवावेत, गोदामात माल कुठे तुंबेल, हे संगणकावर आधीच चालवून बघायचं. त्याला यादृच्छिक (रँडम) संख्या लागतात, त्याही ढिगाने. सुरुवातीची बरीच वर्षं आमच्याकडच्या या सगळ्या संख्या एकाच मूळ संख्येच्या जिवावर निघायच्या: 2147483647, म्हणजे 2³¹−1.

ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्येच सिद्ध केलं होतं. आमची तिच्यावर मर्जी बसली ती मात्र सोयीमुळे. 32 बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात याहून मोठी संख्या मावत नाही. हातातल्या संख्येला 16807 ने गुणायचं, 2147483647 ने भागून बाकी घ्यायची, की पुढची संख्या तयार. 1 पासून निघालात तर 16807, 282475249, 1622650073... आणि 10000 वी 1043618065. प्रोग्राम नव्या मशीनवर चढवला की आम्ही आधी ही दहा हजारावी संख्या बघतो. ती चुकली तर पुढचं काही बघायचंच नाही.

भाजक मूळ असल्यामुळे बाकी कधीच शून्य होत नाही. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. 16807 म्हणजे 7⁵, आणि 7 हा या संख्येचा प्रिमिटिव्ह रूट, म्हणजे 7 ने गुणत आणि बाकी घेत गेलं की शून्य सोडून प्रत्येक बाकी एकेकदा येते. 2147483646 चे अवयव पाडले तर 2×3²×7×11×31×151×331. त्यात 5 कुठेच नाही, म्हणून पाचव्या घातातही तो गुण टिकतो. परिणामी 1 ते 2147483646 मधली प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होतं. भागाकाराचीही कटकट नाही: 9 ची बाकी काढायला आपण अंकांची बेरीज करतो, तसं इथे गुणाकाराचे वरचे बिट खालच्या 31 बिटांत मिळवले की झालं.

पण मशीन वेगवान झाली. सेकंदाला दहा कोटी संख्या उपसल्या तर हे चक्र एकवीस-बावीस सेकंदांत संपतं. शिवाय संख्या 0 ते 1 मध्ये बसवल्यावर दशलक्षांशाहून लहान संख्या आली, की पुढची हमखास 0.017 च्या आत येते. दुर्मिळ घटना शोधणाऱ्या ग्राहकाला हे कसं चालेल?

म्हणून आम्ही 2⁶¹−1 वर गेलो. ही 19 अंकी संख्या मूळ असल्याचं पेर्वुशिनने 1883 मध्ये दाखवलं. त्याच वेगाने तिचं पूर्ण चक्र संपायला सातशेहून जास्त वर्षं लागतील. मर्सेन ट्विस्टर या यादृच्छिक संख्या काढायच्या दुसऱ्या पद्धतीचं चक्र 2¹⁹⁹³⁷−1 इतकं लांब, पण तिथे पुढची संख्या काढायला 32 बिटांच्या 624 संख्या सांभाळाव्या लागतात. आम्ही एकाच वेळी हजारो स्वतंत्र प्रवाह चालवतो, त्यामुळे प्रत्येकामागे एकच संख्या जपणं आम्हाला परवडतं.

2024 मध्ये 2¹³⁶²⁷⁹⁸⁴¹−1 ही मूळ संख्या सापडल्यावर ‘आता ही घेणार का?’ असं विचारणारेही भेटले. तिच्यात चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत. तिच्याने भागून उरलेली एकेक बाकी साठवायलाच 17 एमबी लागतील.