तुम्ही विचारलंत म्हणून: दहा ब्लाइंड उरल्यावर

माझ्यासोबत पोकरच्या स्पर्धा खेळणारे एक प्रश्न हमखास विचारतात. "स्टॅक दहा ब्लाइंडवर आला की तुम्ही चांगल्या पानांची वाट का पाहत नाही? एका रंगाच्या दश्शी-नव्वीवर ऑल-इन कसे जाता?" (स्टॅक म्हणजे आपल्याकडच्या चिप्स, ब्लाइंड म्हणजे दर डावाला दोघांनी पानं पाहण्याआधीच सक्तीने लावायची रक्कम, आणि ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावणं. दहा ब्लाइंड म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या दहापट.)

पूर्वी मीही वाट पाहायचो. एका स्पर्धेत ब्लाइंड ५००-१००० (लहान आणि मोठा, म्हणजे बिग ब्लाइंड), वर टेबलाचा १००० अँटी (हीही सक्तीचीच रक्कम, फेऱ्यात एकदा प्रत्येकावर येणारी), आणि माझ्याकडे साडेदहा हजार. तीन फेरे मी नुसता फोल्ड करत, म्हणजे पानं टाकत बसलो. फेऱ्याला अडीच हजार, म्हणजे एकही डाव न खेळता साडेसात हजार गेले. मग बटनवर, म्हणजे ब्लाइंडवाल्या दोघांच्या लगेच आधीच्या जागेवर, दोन राजे आले! उरलेले तीन हजार लावले. बिग ब्लाइंडवाल्याने आपली पानं धड पाहिलीही नाहीत, चिप्स पुढे सरकवल्या. त्याचं बरोबरच होतं. आणखी २००० घालून ७५०० मिळणार असतील, तर चारांत एकदाच्या थोडं वर जिंकलं तरी भागतं. राजे टिकले, डाव माझा झाला. चिप्स मोजल्या तर साडेसात हजार. वाट पाहायला बसलो तेव्हा याहून तीन हजार जास्त होते.

लहान स्टॅकचा खरा ऐवज म्हणजे त्याचा धाक. दहा हजारांपुढे समोरचा थबकतो, तीन हजारांना कुणी भीत नाही.

हिशेबच मांडतो. तुम्ही बटनवर, आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलंय. दहा हजार लावले आणि मागच्या दोघांनी पानं टाकली, तर २५०० आयते मिळतात. बिग ब्लाइंडने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, तर पॉट (मधली एकूण रक्कम) २१,५००. तुमची पानं शंभरांत पस्तीस वेळाच जिंकतील असं धरलं, तरी सरासरी ७,५२५ परत येतात, तोटा २,४७५. म्हणजे निम्म्या वेळा फोल्ड मिळाला की बरोबरी, त्यापुढे सगळा नफा. ऑल-इन जाणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात, कॉल करणाऱ्याला एकच. म्हणून दश्शी-नव्वीवर मी स्वतः ऑल-इन जातो, पण तीच पानं घेऊन दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करत नाही.

जागा मात्र बघायची. प्रत्येकाला दहांत एकदा कॉल करण्याजोगी पानं येतात असं धरलं, तर मागे आठ जण असताना निम्म्याहून जास्त वेळा ती कुणाकडे तरी असतातच. मागे दोघेच असतील तर पाचांत एकदा.

यावर कुणीतरी जॅक स्ट्रॉसचं नाव काढतं. एकच चिप उरलेली असताना त्याने १९८२ सालच्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली, अशी कथा सांगतात. मला ती फार आवडते. पण एका चिपवर येईपर्यंत थांबा, असं ती कुठे सांगते?

थांबायची वेळही येते. बक्षिसं नऊ, खेळाडू उरलेत दहा, आणि पलीकडच्या टेबलावर कुणाकडे दोनच ब्लाइंड. अशा वेळी दश्शी-नव्वी मी मुकाट्याने टाकतो. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, गेल्या तर मात्र सगळंच जातं. सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळवून देणाऱ्या स्पर्धेत, जिंकणाऱ्या सगळ्यांना सारखंच तिकीट असतं. तिकीट जवळजवळ हातात आलं असेल तर तिथे दोन एक्केसुद्धा टाकणं योग्य ठरतं. एकदा मी तसे टाकलेत. पानं पुढे सरकवताना बोटं थरथरत होती, पण टाकले.