टीसीच्या घरातलं बायबल

पप्पा रेल्वेत टीसी होते आता रिटायर्ड, मम्मी तीसेक वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवतात तिथे, शिकवायची, त्यामुळे आमच्या भुसावळच्या ख्रिस्ती घरात दोनच गोष्टी कायम चालायच्या, कोणाकडे तिकीट आहे का आणि कोणाचं बायबलचं वचन पाठ आहे का. तिसरी गोष्ट म्हणजे टवाळी. पप्पांना कशावरही दोन ओळी जुळवायची सवय. बिलाच्या मागे, कॅलेंडरवर, एकदा तर औषधाच्या खोक्यावर. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना संपली, आमेन झालं, की ताट वाढेपर्यंतच्या वेळात काहीतरी सुनवणार म्हणजे सुनवणारच. एकदा रविवारची चर्चमधली उपासना पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, प्रवचनाने लांबली होती, त्यावरचं हे घरात अजून सगळ्यांना पाठ आहे:

'शेवटचा मुद्दा' म्हणत म्हणत पाळक गेले लांब,
मम्मी मनात प्रार्थना करते, 'कुकरा, जरा थांब!'
यहोशवाने सूर्य थांबवला गिबोनाच्या वर,
आमच्याकडे शिटी थांबेना, वरण भिंतीभर.

मम्मी आधी रागावली, मग इतकी हसली की परत वाढायला उठताच येईना. आता काही लोकांना हे चालत नाही मला माहितीये. आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक काका म्हणायचे, पवित्र शास्त्रावर विनोद करू नये. मला उलट ज्या घरात पवित्र शास्त्रावर कोणी कधीच हसत नाही तिथे ते कोणी उघडून तरी बघतं का अशी शंका येते. सूर्य थांबतो तो बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय माहिती असल्याशिवाय वरणाच्या विनोदावर हसणार कसं?

मी जळगावला बँकेत आहे, रोज अपडाऊन. त्यामुळे माझं जे काही वाचन होतं ते गाडीत. भुसावळ ते जळगाव पंचवीस किलोमीटर पण नाही, पण गाडी लेट असली आणि आउटरला उभी राहिली की बायबलमधलं एखादं छोटं पत्र आरामात वाचून होतं, फिलेमोन तर एकाच अध्यायाचं आहे. वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा प्लॅन असतो ना, सहासष्ट पुस्तकं, ११८९ अध्याय, रोजचे तीन-चार, तो १ जानेवारीला सगळेच सुरू करतात आणि मार्च आला की सगळेच लेवीय नावाच्या नियमांच्या पुस्तकात अडकतात. कातडीवरचे डाग, भिंतीवरची बुरशी, कोणतं जनावर खायचं कोणतं नाही. माझ्या डब्यातल्या एक पाटीलकाकू आहेत आसोद्याच्या, त्या विचारतात, काय वाचून राहिली वं पोरी एवढं? मी म्हटलं काकू, घराच्या भिंतीला बुरशी आली तर काय करायचं ते लिहिलंय. म्हणे, मग मले बी सांग, आमच्या मागच्या खोलीले आली आहे.

या रस्त्यावर भादली स्टेशन लागतं. बालकवी ठोंबरे तिथेच गेले, ५ मे १९१८ ला, रेल्वेखाली. सत्तावीस वर्षांचे होते फक्त. माणूस आपल्याच भागातला, धरणगावचा, आणि १९०७ ला जळगावला जे कविसंमेलन झालं तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला बालकवी ही पदवी मिळाली. शाळेत आपण श्रावणाची कविता म्हणतो पण हे कोणी सांगत नाही की हा मुलगा पुढे नगरला कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात राहिला, घरचाच होऊन. ख्रिस्ती पाळकाचं घर आणि ब्राह्मणाचा पोरगा, त्या काळात. त्याला कोणी ख्रिस्ती केलं नाही, तो झालाही नाही, आणि त्यामुळे टिळकांचं आणि त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, त्याच्यावरचं प्रेम काही कमी झालं नाही. धर्मावरून हल्ली जे काही ऐकू येतं ना, तेव्हा मला हे घर आठवतं. भादली आलं की मी पुस्तकातून डोकं वर काढते. गाडी दोन मिनिटं थांबते, चणेवाला चढतो.

नारायण वामन टिळकांबद्दल पप्पांची एक थिअरी आहे ती पण सांगते. टिळक ख्रिस्ताकडे वळले त्याची सुरुवातच रेल्वेत झाली. नाशिकहून राजनांदगावला चालले होते, डब्यात एक युरोपियन माणूस भेटला, त्याने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, हातात दिला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा पटलं नाही पण पुस्तक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आता पप्पांचं म्हणणं, नाशिकहून नागपूरच्या बाजूला जाणारी गाडी भुसावळवरूनच जाणार, दुसरा मार्गच नाही, म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याचा सगळा इतिहास आमच्या प्लॅटफॉर्मवरून गेलाय. त्या युरोपियनाकडे तिकीट होतं का, हे मात्र त्यांना अजून कळलेलं नाही.

खरं सांगू का, मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागाने छापून आलं. माझी आधीची कॉपी कोणीतरी नेली आणि परत दिली नाही, पुस्तक नेणाऱ्यांना दहा आज्ञांतली आठवी, चोरी करू नको, लागू होत नाही असं लोकांना वाटतं बहुतेक. मग अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो, प्रताप कॉलेजच्या मैदानावर, धूळ, गर्दी, भजी, तिथे नवीन घेतलं. तर लक्ष्मीबाई. नवरा न सांगता ख्रिस्ती झालेला, पदरात पोर, आणि या बाई सोवळ्याओवळ्यातल्या. त्या लगेच नवऱ्याच्या मागे गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, सुमारे पाच वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, स्वतःला पटल्यावर. आणि हे सगळं लिहिताना बाई हसवतात! नवऱ्याच्या खिशात पैसा टिकत नाही त्याचे किस्से, स्वतःच्या भोळेपणाचे किस्से. शाळा अशी नव्हतीच, लिहायवाचायला घरीच शिकल्या. टिळक १९१९ ला गेले तेव्हा ख्रिस्तायन हे त्यांचं महाकाव्य अर्धंही झालं नव्हतं, सुरुवातीचे थोडे अध्याय फक्त, बाकीचे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. नवऱ्याचं अर्धवट काम बायको निस्तरते हे आपल्याकडे नवीन नाही पण महाकाव्य निस्तरणारी एकच.

मंडळीत साक्ष देतात, म्हणजे विश्वास कसा आला ते सगळ्यांसमोर सांगतात, तेव्हा कसं असतं, मी असा होतो, असा झालो, आता सगळं छान. लक्ष्मीबाईंचं तसं नाही. त्यांना राग आला तर राग लिहितात, संशय आला तर संशय लिहितात, आणि विश्वास कधी आला ते तुम्हाला पान उलटताना हळूच कळतं. मला तरी असंच पटतं.

कारण माझंही रोज वाचन होतं म्हणून रोज विश्वास वाटतोच असं काही नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत मामा गेला. माती द्यायला मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. त्यानंतर फोनवर फोन, आणि सगळे तेच, देवाची योजना असते. मी हो हो म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर चिडायचे. मम्मीचा तो सख्खा भाऊ. तिने कोणाला काही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी प्रार्थनेला तिने बायबलमधलं स्तोत्र ८८ काढलं. तुम्ही वाचलंय का ते? बाकीची रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे. हे वळतच नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. दीडशे स्तोत्रांमध्ये कोणीतरी हे मुद्दाम ठेवलंय, काढून टाकलं नाही, याचा मला त्या दिवशी जेवढा आधार वाटला तेवढा कुठल्याच प्रवचनाचा वाटला नाही. मम्मीने वाचलं, पुस्तक मिटलं, प्रार्थना कोणीच केली नाही, सरळ जेवायला बसलो. पप्पांनी पण त्यानंतर कित्येक महिने काही जुळवलं नाही.

शब्बाथ शाळेत सुवर्णवचन पाठ करून यायचं असतं. जे पोरगं अभ्यास करत नाही ते ठरलेलं, योहान ११:३५, येशू रडला. दोन शब्द, काम झालं. मम्मीने म्हणून नियम केला होता की हे वचन म्हणणाऱ्याने तो का रडला ते पण सांगायचं. पोरं म्हणायची त्याचा मित्र लाजर मेला म्हणून. मग मम्मी विचारायची, पण त्याला तर माहिती होतं ना की आता आपण लाजरला उठवणार आहोत, मग कशाला रडला? वर्ग गप्प. मामा गेल्यावर मी तिला हे आठवून दिलं, म्हटलं मम्मी तू उत्तर कधी सांगितलंच नाहीस. म्हणाली, मला कुठे येत होतं, मला वाटायचं पोरांपैकी कोणीतरी सांगेल.

पप्पांचं परत सुरू झालं ते भरितावरून. भाऊ पुण्याला, नोकरी लागली पण मेसचं जेवण, रोज व्हिडिओ कॉलवर रड. मोशे मिसरातून घेऊन निघाला तेव्हा इस्राएल लोकांनी रानात असंच केलं होतं, स्वर्गातून मान्ना नावाचं अन्न मिळतंय आणि हे म्हणतात आम्हाला मिसरातल्या काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. बायबलमधलं गणना हे पुस्तक, अकरावा अध्याय. तर पप्पांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं:

मान्ना खाऊन कंटाळले ते, कांदा लसूण आठवे,
पुण्याच्या मेसमध्ये बसून पोरगं भरीत मागवे.
मोशे असता तर म्हटला असता, 'गप गिळ रे बाळा',
भुसावळला तुझ्या नावाने वांग्यांचा लागलाय माळा!

मम्मीने खाली लिहिलं, त्यांच्या यादीत वांगं नव्हतं म्हणून बरं, बामणोदच्या वांग्यांचं भरीत एकदा खाल्लं असतं तर अख्खं इस्राएल परत फिरलं असतं. त्यावर आत्याने, ती धुळ्याला असते आणि घरातली एकटी अस्सल अहिराणी बोलणारी, तिने टाकलं:

चहा लागस, भाकर लागस,
प्रार्थनाले बठनं का झोप लागस!

हे कोणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. भावाने ग्रुप म्यूट केला.

आत्याचे उखाणे हा वेगळाच विषय आहे. आमच्याकडे लग्नात चर्चमध्ये सगळं गंभीर, वचनं, अंगठ्या, आणि घरी आलं की हळद आणि उखाणे अगदी कोणाहीसारखे. "नोहाच्या तारवात प्राण्यांची दाटी, अमुकरावांचं नाव घेते सासूबाईंसाठी." सासूबाईंना यातला टोमणा कळायला दोन दिवस लागले. बाहेरच्यांना कधी कधी वाटतं ख्रिस्ती म्हणजे घरात इंग्रजीच बोलत असतील. अहो, फादर स्टीफन्स म्हणून इंग्रज माणूस गोव्यात आला, लोकांना पुराणासारखं काहीतरी हवं होतं म्हणून त्याने ख्रिस्तपुराण लिहिलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, १६१६ ला छापलं, तेही रोमन लिपीत कारण नागरीचे खिळे नव्हते. आणि उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक उघडा, टिळकांचीच गाणी शंभराच्या वर. तेव्हा यमक जुळवणं ही आमची घरगुती खोड नाही, खानदानी आहे, असं पप्पा म्हणतात.

मम्मीच्या साठाव्या वाढदिवसाला तर त्यांनी कहरच केला. स्तोत्र ११९ आहे ना, सगळ्यात लांब, १७६ वचनं, ते हिब्रू अक्षरांच्या क्रमाने रचलंय, बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षराची आठ वचनं. हे कळल्यावर पप्पा म्हणाले मी मम्मीवर क ते ज्ञ करतो. दहा दिवस घरात शांतता. ङ आणि ञ त्यांनी ओळीत बसणारे नाहीत म्हणून डब्यातून उतरवून दिले. ण ला 'णमोकार' टाकला, म्हटलं पप्पा तो जैनांचा, म्हणे शेजारचे जैनच आहेत, चालतं त्यांना. ळ ला गाडी कायमची अडली. शेवटी तिथे लिहिलं, "ळ ने सुरू होणारा शब्द नाही, तुझ्यात नसलेल्या दोषांसारखा." मम्मी म्हणाली हे एवढंच एक चांगलं आहे, बाकीचं नंतर वाचते. अजून वाचतेय.

आता त्यांनी भाचीला धरलंय. ती आठ वर्षांची, गेल्या सुट्टीत रोज दुपारी आजोबांबरोबर एक गोष्ट वाचायची, देवाने निनवेला जा म्हटल्यावर उलट तार्शीशला पळणाऱ्या योनाची झाली त्या दिवशी तिने स्वतः जुळवून आणलं:

योना गेला माशाच्या पोटात, तीन दिवस राहिला,
बिनातिकीट प्रवास केला, टीसीने नाही पाहिला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. पप्पा मात्र चष्मा लावून बायबल घेऊन बसले, योना पहिला अध्याय तिसरं वचन, आणि म्हणाले बेटा, आरोप चुकीचा आहे, इथे स्पष्ट लिहिलंय की त्याने याफोला जहाजाचं भाडं भरलं होतं. भाची म्हणाली, जहाजाचं भरलं, माशाचं कुठे भरलं? पप्पांनी बराच विचार केला. मग म्हणाले, बरोबर आहे, शिवाय तिकीट तार्शीशचं आणि गेला निनवेला, म्हणजे दंड बसतोच.