एका ओळीची तळटीप

पुस्तकाचा फर्मा दुपारी चारला छापखान्यात जाणार होता आणि सकाळी नऊला संपादकांचा फोन. "मॅडम, पान बावन्नवर नावापुढे चांदणी आहे, पण खाली टीपच नाही. तो कोण फ्रेंच माणूस आहे, त्याच्यावर दोन ओळी पाठवा. दोनच हं."

मी फ्रेंच शिकवते आणि उरलेल्या वेळात प्रकाशकांची असली कामं करते : नावांचे उच्चार सुधारणं, टिपा, सूची. दोनच ओळी का, तर सूची तयार झालेली असते. टीप तीन ओळींची झाली की वरच्या मजकुराची एक ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते, तिथून पुढची, आणि प्रकरण संपेपर्यंत सगळी पानं हलतात. मग सूचीतले पानांचे आकडे खोटे पडतात आणि ते तपासायला रात्र जाते. टिपांचे वेगळे पैसे कुणी देत नाही, हे सांगायला नकोच.

पुस्तक होतं विवेकानंदांच्या 'परिव्राजक' या प्रवासवर्णनाचा बंगालीतून केलेला नवा मराठी अनुवाद. अनुवादक बंगालीचे पक्के, पण फ्रेंच नावांसाठी त्यांनी इंग्रजी आवृत्ती पुढे ठेवलेली. त्यामुळे स्वामीजींचा पॅरिसमधला यजमान झाला होता 'ज्युल्स बॉइस'. या नावात शेवटचा 'एस' दोन्हीकडे मुका, आणि 'ओ-आय'चा उच्चार 'वा'. ज्यूल ब्वा. ब्वा म्हणजे लाकूड किंवा रान. मूळ बंगालीत स्वामीजींनी कानाला लागलं तसं 'जुल बोओया' लिहिलंय. शंभरावर वर्षांपूर्वी ठीक होतं ते आपण इंग्रजीच्या दारातून आणून बिघडवलं. हा माझा जुना राग आहे. 'पॅरिस'चं 'पारी' करा असं मी म्हणत नाही, पण निदान माणसाला त्याच्या नावानं तरी हाक मारा.

या माणसाची तोंडओळख मला होती. 1900 साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, स्वामीजी काही दिवस त्याच्याकडे राहिले. हा लेखणीवर जगणारा, श्रीमंत नाही, पण आमचं जमतं, असं त्यांनी एका पत्रात कळवलंय. 24 ऑक्टोबरच्या संध्याकाळी दोघं पूर्वेकडे निघाले. सोबत गायिका एम्मा काल्व्हे आणि स्वामीजींच्या अमेरिकन स्नेही मिस मॅक्लाउड. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, कैरो. एवढ्यावर दोन ओळी सहज झाल्या असत्या. पण टीप लिहिण्याआधी माणसाचा एखादा तरी मूळ कागद बघायचा, ही माझी खोड. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या वाचायला ठेवली आहेत. मी जानेवारी 1893 चा 'जिल ब्लास' हा पॅरिसचा पेपर उघडला आणि दहाचे साडेबारा कधी झाले कळलं नाही. आमटी करपली.

झालं होतं असं. लिऑंमध्ये बुलाँ नावाचा एक धर्मभ्रष्ट पाद्री राहायचा. त्याचा स्वतःचा पंथ होता. कादंबरीकार हुइसमान्स त्याच्याकडून सैतानी विधींची माहिती घेई. ब्वाचीही त्याच्याशी ओळख होती. त्या जानेवारीत बुलाँ एकाएकी मेला. ब्वा तेव्हा चोवीस वर्षांचा. त्यानं सरळ पेपरात लिहिलं की हा खून आहे, आणि तो पॅरिसहून मंत्रानं झालाय. नावही घेतलं : स्तानिस्लास द ग्वाइता, सरदार घराण्यातला कवी, गुलाब-क्रूसवाल्या गुप्त मंडळाचा प्रमुख. ग्वाइता म्हणे विषांची वाफ करून ती हवेतून हव्या त्या माणसावर सोडतो. आणि त्याच्या घरी कपाटात एक भूत कोंडून ठेवलंय, हुकूम केला की बाहेर येतं.

हे मी दोनदा वाचलं. स्कॅन केलेल्या पानांतून यंत्रानं ओढलेला मजकूर चुकीचा असतो, एखादं अक्षर चुकतं आणि अर्थ पार बदलतो, म्हणून चित्र मोठं करून अक्षर अक्षर लावलं. कपाटच होतं. साधं, घरातलं, दाराचं कपाट.

ग्वाइतानं अर्थातच द्वंद्वाचं आव्हान दिलं. पिस्तुलं झाली, दोघंही धड परतले. पुढे मंडळातला दुसरा एक गृहस्थ, पाप्यूस नावाचा डॉक्टर, त्याच्याशी तलवारीनं झालं. तिथे किरकोळ जखमा. पाप्यूसशी तर त्याची नंतर मैत्रीही झाली. दोन्ही वेळा ब्वाच्या गाडीचे घोडे वाटेत अडले नाही तर पडले म्हणतात, आणि ते त्याच्या बाजूच्यांनी मंत्रतंत्राच्या खात्यावर मांडलं. मला या प्रकरणात भुताहून नवल वाटतं ते पेपरवाल्याचं. पुरावा शून्य, थेट खुनाचा आरोप, आणि तो छापला. आपल्याकडे रात्री नऊच्या चर्चा बघणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही.

पण तो नुसता सनसनाटीवालाही नव्हता. पुढच्याच वर्षी, 1894 मध्ये, त्याचं पॅरिसमधल्या छोट्या छोट्या पंथांवर पुस्तक आलं. स्वीडनबोर्ग या स्वीडिश गूढवाद्याला मानणारे, थिऑसॉफिस्ट, इसिस देवीचे भक्त, बुद्धाला मानणारे. आपल्या शहरातल्या माणसांबद्दल बातमीदारानं लिहावं तसं. 1895 मध्ये सैतानपूजा आणि जादू यांवर जाडजूड ग्रंथ, प्रस्तावना हुइसमान्सची. मग स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक, मग वेदान्त, हिंदुस्थानावर पुस्तक, शेवटी पुन्हा कॅथलिक. 1943 मध्ये न्यूयॉर्कला वारला.

हे दोन ओळींत बसवायचं. एकला मी पाठवलं : "ज्यूल ब्वा (1868–1943) : मार्सेयचा पत्रकार व कवी. पॅरिसमधले पंथ (1894) आणि सैतानपूजा (1895) यांवर ग्रंथ. पुढे वेदान्ताकडे ओढा." मोजून दोन ओळी. कपाट गेलं, घोडे गेले, पण टीप नेटकी होती, मला अभिमान वाटला.

दहा मिनिटांत फोन. "मॅडम, छान आहे. फक्त ते 'सैतान' काढा. स्वामीजींच्या पानावर तो शब्द नको. वाचक पत्रं लिहितात."

मी चिडले. तळटीप वाचणारे वाचक आपल्याकडे मूठभर, आणि पत्रं लिहिणारे त्यातले नसतात, हे मी बोललेही. मग पान बावन्न समोर घेतलं, चांदणी नेमकी कुठल्या शब्दावर आहे ते सांगायला. चांदणीच्या खालच्याच परिच्छेदात होतं. मध्ययुगातल्या युरोपात चालणारी सैतानपूजा, जादू, मारण, उच्चाटन, यांतलं आजवर जे उरलंय ते, या सगळ्याचा इतिहास लिहिलेलं या गृहस्थांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. स्वामीजींचाच मजकूर. कसलाही आडपडदा नाही, नाक मुरडणं नाही. आणि त्या ओळीत 'उच्चाटन'मधला एक 'च' गळला होता, तो दोन महिन्यांपूर्वी मीच तांबड्या शाईनं घातलेला. तीच ओळ तेव्हा डोळ्यांखालून गेली होती. मी जोडाक्षर पाहिलं, वाक्य पाहिलंच नाही.

संपादकांना वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मजकुरात आलंय ना? मग टिपेत परत कशाला?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही धड सुचलेलं नाही. माणूस घाबरून बोलत होता हे नक्की, आणि टिपेचा नियम म्हणून पाहिलं तर बरोबर बोलत होता हेही नक्की. 'फ्रेंच लेखक' एवढंच ठेवू म्हणत होते. भांडून 'पत्रकार' तेवढं राखलं.

साडेतीनला मजकूर लावणाऱ्या मुलीचा फोन. तिनं माझी आधीची टीप, आणि सोबत चुकून गेलेलं माझं कच्चं टिपण, दोन्ही वाचलं होतं.

"ताई, ते पिस्तुलाचं काय झालं? गोळी कुणाला लागली?"

"कुणालाच नाही. एक गोळी म्हणे नळीतच अडकून राहिली होती."

"आणि कपाटातलं?"

"ते कुणी उघडून बघितल्याचं मला तरी सापडलं नाही."

"बरं. टीप आता एकाच ओळीची झालीये. खाली एक ओळ मोकळी राहते, वरचं खाली ओढू?"

"नको," म्हटलं, "राहू दे मोकळी."