सोयाबीनच्या भावावरून कृष्णविवरांपर्यंत

आज दुपारी मोंढ्यातील सोयाबीनचा भाव पाहण्यासाठी मोबाईल हातात घेतला आणि भाव बाजूलाच राहून तासभर गुरुत्वीय लहरींविषयी वाचत बसलो. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या अशा लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पामुळे हा शब्द आम्हा हिंगोलीकरांच्या कानावरून अनेकदा गेला आहे. परंतु खरे सांगायचे तर, त्याचा अर्थ मी आजवर कधी समजून घेतला नव्हता.

सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत अखेर एकरूप झाली आणि त्यातून उठलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत पसरणारी लाट, १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी टिपली. काटकोनात बांधलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून लेसर किरण आरशांवर पाठवून परत आणायचे आणि त्यांच्या प्रवासात पडलेला फरक मोजायचा, अशी ही रचना आहे. त्या दिवशीचा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचा हादराही अशा उपकरणाला का सोसत नाही, हे आता कळले.

त्या लहरीचे ध्वनीत केलेले रूपांतरही ऐकले. पंख्याच्या घरघरीत प्रथम काहीच कळेना. पंखा बंद करून मोबाईल कानाला लावला, तेव्हा खालच्या पट्टीतून झरकन वर चढून विरणारा, जेमतेम क्षणभराचा आवाज ऐकू आला. तो आबांनाही ऐकवला.

“एवढंच व्हय?” म्हणत त्यांनी सोयाबीनचा भाव विचारला.