आमची वाटचाल : होडीच्या साच्यापासून पवनचक्कीच्या पात्यापर्यंत

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा सुरुवातीला फायबरच्या होड्यांसाठी होता. मांडवी आणि जुवारीत मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या बांधायच्या, फुटल्या की सांधायच्या, हे काम. आज तिथे तीन मीटर व्यासाच्या छोट्या पवनचक्क्यांची पाती बनतात. काचकापड तेच, रोलर तेच. पण होडीला खपणारी चूक पात्याला खपत नाही, आणि तेवढ्या एका फरकापायी गाळ्यातली जवळजवळ प्रत्येक पद्धत बदलावी लागली.

सर्वांत आधी बदलले रेझिन, म्हणजे काचकापड भिजवून घट्ट करणारा चिकट द्रव. होडीचे पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकारमानाने ५ ते ८ टक्के आकसते. होडीच्या कडेला दोन मिलिमीटरचा पोक आला तरी पाण्याला त्याचे काही नसते. पाते मात्र टोकाशी जेमतेम ८० मिलिमीटर रुंद असते. मागची कड २ मिलिमीटर उचलली की कोन जवळजवळ दीड अंशाने बदलतो, आणि पाते वाऱ्याशी काम करते तो कोनच मुळात पाच-सहा अंशांचा. म्हणून पात्यांना इपॉक्सी, हे कमी आकसणारे रेझिन. आमच्या रेझिनला १०० ग्रॅमला १० ग्रॅम हार्डनर (घट्ट करणारे रसायन) लागतो. तो काट्यावर मोजूनच घालायचा, अंदाजाने नाही. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवायचे नाही. मे महिन्यात मोठ्या मगात कालवलेले रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापते, धूर सोडते आणि ब्रश बुडवण्याआधी दगड होते.

पावसाळ्यात दुखणे वेगळे. हवेत दमटपणा जास्त असला की हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पृष्ठभागावर मेणचट थर येतो. त्यावर पुढचा थर दिला तर तो चिकटल्यासारखा दिसतो, पण ताण येताच सोलून निघतो. बोट फिरवून पाहायचे. बुळबुळीत लागले तर आधी कोमट पाण्याने घासून धुवायचे, मगच पॉलिश पेपर. उलट केले तर तो थर कागदाने सगळीकडे पसरतो. काचकापडाचे रोल बंद कपाटात, आत बल्ब पेटता ठेवून. जूनपासून सप्टेंबरपर्यंत साच्याच्या खोलीत हवेतला ओलावा खेचणारा डिह्युमिडिफायर चालू असतो, आणि आर्द्रतामापकाने ६० टक्क्यांच्या वर दमटपणा दाखवला की रेझिन कालवतच नाही.

पाती अचूक निघू लागली तरी आकार बरोबर आहे का, हा प्रश्न उरलाच. मोठ्या पवनचक्कीचा आकार लहान करून चालत नाही. वेग, पात्याची रुंदी आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा, हवा पात्यावरून कशी वाहील ते सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स अंक. आमच्या पात्याचा तो दोन लाखांच्या आसपास, मोठ्यांचा पन्नास लाखांच्या पुढे. इतक्या कमी अंकाला हवेचा गुळगुळीत थर पाठीवरून सुटतो, थोडे पुढे जाऊन पुन्हा चिकटतो, आणि मधे एक बुडबुडा तयार होतो. तो मोठा झाला की ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो. इलिनॉय विद्यापीठात छोट्या पवनचक्क्यांसाठीच तयार झालेली एसजी ६०४० ते एसजी ६०४३ ही मालिका आम्ही म्हणूनच निवडली : मुळाशी जाड ६०४०, टोकाकडे पातळ ६०४३.

ते पडताळायला गाळ्याच्या मागच्या बाजूला वाऱ्याचा बोगदा बांधला. तोंडाशी जाळ्या आणि पिण्याच्या स्ट्रॉ चिकटवून केलेले मधाचे पोळे, त्यापुढे निमुळता होत जाणारा भाग, मग ४५० मिलिमीटर चौरस चाचणीपेटी आणि शेवटी हवा ओढणारा पंखा. पंखा आधी बसवून हवा ढकलली तर त्याचा घुमाव थेट पेटीत येतो. सेकंदाला २० मीटर वेग असताना पिटो नळीवर (दाबावरून हवेचा वेग मोजणारी नळी) २३ ते २४ मिलिमीटर पाणी दिसायला हवे. कमी दिसले तर बहुतेक वेळा जोडाच्या फटीतून हवा आत येत असते. पात्याचा १५० मिलिमीटर रुंद तुकडा सेकंदाला २५ मीटरला ठेवला की रेनॉल्ड्स अंक खऱ्या पात्याच्या जवळ जातो. मात्र १० अंश कोनात तो पेटीची सुमारे ६ टक्के वाट अडवतो. ती दुरुस्ती आकड्यांत केली नाही तर लिफ्ट, म्हणजे हवेने पात्याला दिलेला उचल, खोटी जास्त येते.

बुडबुडा डोळ्यांनी दिसतो. तुकडा काळा रंगवायचा, रॉकेलमध्ये टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड पातळ कालवून ब्रशने लावायची आणि पंखा सुरू करायचा. दोन मिनिटांत पुढच्या भागातले पांढरे मिश्रण मागे धावते, आणि एका रेषेवर येऊन थबकते. तिथे थेंब गोळा होतात, हलत नाहीत. त्या रेषेच्या मागे बोटभर जागा ओलीच राहते, आणि तिच्याही मागे पुन्हा बारीक धावत्या रेघा. ती ओली पट्टी म्हणजे बुडबुडा. त्याच्या पुढे पाव मिलिमीटर जाडीची नागमोडी पट्टी चिकटवून तो मोडता येतो. पण बुडबुडा मुळात लहान असेल तर पट्टीच जास्त ड्रॅग करते, म्हणून प्रत्येक आकाराला ती आम्ही लावत नाही.

मजबुतीचा हिशेब सोपा आहे, दुर्लक्ष महाग. २.२ किलोचे पाते, गुरुत्वमध्य आसापासून ५५ सेंटिमीटरवर, वेग मिनिटाला ३८० फेरे : मुळाशी जवळजवळ २०० किलोची ओढ. ब्रेक निकामी होऊन फेरे दुप्पट झाले की ८०० किलो. पाती तुटतात ती मुळाशी, बोल्टाच्या भोकापासून. भोकात धातूचे बूश, दोन्ही बाजूंना जाड पट्टी, आणि आठवडाभराने बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा ताणणे, कारण दाबाखाली फायबर थोडे बसते. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियमची पट्टी यांच्यामध्ये नायलॉन वॉशर हवाच. आमच्या खाऱ्या हवेत दोन्ही उघडे भिडले तर ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडते. तोल साधताना १.२ मीटरवर १० ग्रॅमचा फरक राहिला तरी त्याच वेगाला दोन किलोचा झटका प्रत्येक फेऱ्याला खांबावर बसतो.

आता जागेचे. गिऱ्हाईक बहुधा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पाहून आलेला असतो. ते पठार हजार मीटरहून उंच. आपल्याकडे वाऱ्याची गणिते निराळी. अल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की वाऱ्यातल्या शक्तीपैकी फार तर १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के, पात्यांना मिळू शकते. छोट्या यंत्राला सगळे धरून ३० टक्के मिळाले तरी चांगले. तीन मीटर व्यासाला सेकंदाला ८ मीटर वाऱ्यात सुमारे ६२० वॅट, ४ मीटर वाऱ्यात फक्त ७८. वारा निम्मा, वीज आठवा भाग. गोव्यात खारे वारे दुपारी सुरू होतात आणि सूर्य मावळला की मंदावतात, रात्रीचे मतलई वारे क्षीण असतात, आणि जोर खरा पावसाळ्यात. त्यामुळे सौर पॅनेलच्या जोडीला, ढगाळ महिन्यांसाठी, पवनचक्की ठीक. एकटी नाही.

कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, तर आम्ही नाहीच म्हणतो. माड १५ ते २० मीटर उंच. दीडशे मीटरच्या आतल्या सर्वांत उंच झाडाहून पाती निदान ९ मीटर वर हवीत; नाहीतर झावळ्यांतून गोंधळलेला वारा येतो, वीज कमी मिळते आणि बेअरिंग लवकर जातात. उघडा सडा (डोंगरावरचे सपाट कातळ) असेल तर आधी वर्षभर वेगमापक लावतो. सड्यावर जांभा दगड, उन्हाळ्यात कोरडा, अर्थिंग धरत नाही. तिथे एकाऐवजी तीन इलेक्ट्रोड पुरतो आणि मे महिन्यात, वळवाची गडगड सुरू होण्याआधी, रोध मोजतो.

सध्या काम चालू आहे ते पुढच्या कडेवर. टोक सेकंदाला ६० मीटरने फिरते, त्यावर पावसाचा मारा, कोरड्या दिवसांत लाल धूळ आणि मीठ. जेलकोट, म्हणजे पात्याचा सर्वांत बाहेरचा गुळगुळीत थर, आधी बारीक खडबडीत होतो, मग त्याला खळगे पडतात. पॉलियुरेथेनची पारदर्शक पट्टी टोकाकडच्या ४० सेंटिमीटरना लावून पाहतो आहोत. पट्टीची कड पाठीवर नेमकी कुठे संपवायची, यावर बोगद्यात रोज रॉकेल आणि पांढरी पूड सांडते आहे.