अविवाहिताच्या बोटातली अंगठी

परवा दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता 'डबल इन्डेम्निटी' हा सिनेमा लावला. कितव्यांदा, ते विचारू नका. बाहेर ऊन रणरणायला लागलं की खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे आणि दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या १९४४ सालच्या त्या काळ्यापांढऱ्या लॉस एंजेलिसमध्ये जाऊन बसायचं, ही माझी उन्हाळ्यातली जुनी सवय. लोक ताक पितात, मी खून बघते.

तर टॉवेलची घडी हातात असताना नायक वॉल्टर नेफ झालेल्या फ्रेड मॅकमरीने अंगठ्याच्या नखावर काडी ओढली आणि त्याच्या बोटातली अंगठी दिसली. चक्क लग्नाची. आणि हा वॉल्टर नेफ तर गोष्टीत सडाफटिंग! एकट्याचं बिऱ्हाड, मागेपुढे कोणी नाही. अंगठी होती मॅकमरीची स्वतःची. त्याचं खरं लग्न झालेलं, आणि ती तशीच बोटात राहून गेली. दुसऱ्याच्या बायकोच्या नादी लागलेला माणूस आख्खा सिनेमाभर स्वतःच्या बायकोची अंगठी घालून हिंडतोय आणि सेटवरच्या एवढ्या लोकांत कोणी त्याला हटकलं नाही.

हात बघायची ही माझी खोड जुनी आहे. मालिकेत मंगळसूत्र एका क्षणी पदराबाहेर आणि पुढच्या क्षणी आत गेलं की मला पुढचा संवाद ऐकूच येत नाही. नवरा म्हणतो, तू गोष्ट बघत नाहीस, पंचनामा करतेस. म्हणू दे. याच सिनेमात नेफच्या फ्लॅटचं दार बाहेर, म्हणजे व्हरांड्यात उघडतं. असं दार कोण बसवतं? पण आत उघडलं असतं तर बाई त्याच्यामागे लपली कशी असती, म्हणून वाइल्डरने ते उलटं बसवलं. नायिका झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या डोक्यावरचा तो सोनेरी टोप तर दुरूनही टोपच दिसतो. बाई किती नकली आहे ते कळावं म्हणून तो मुद्दाम तसा, असं वाइल्डर नंतर सांगत असे. खोटे केस मुद्दाम लावलेले आणि खरी अंगठी चुकून राहिलेली. मला यातलं दुसरंच जास्त आवडतं.

नेफ हा विमा एजंट. एका गृहस्थाच्या मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला दुपारचा त्याच्या घरी जातो. गृहस्थ घरी नसतात, बाई असते. पायात साखळी, साखळीवर कोरलेलं नाव. आपल्याकडच्या पैंजणाला निदान आवाज तरी असतो, हिची साखळी मुकी. आणि तिथून सगळं घसरत जातं.

हे बघताना मला दर वेळी आमचे विम्याचे काका आठवतात आणि हसू फुटतं. तेही दुपारीच यायचे. छत्री, कातडी बॅग, कपाळावर घाम, खिशाला दोन पेनं. दार वाजलं की आई ते अर्धवट उघडून उंबऱ्याच्या आतूनच सांगायची, "हे घरी नाहीत. संध्याकाळी या." झालं! हॉलिवूडला ज्यातून पावणेदोन तासांचा सिनेमा सुचला, तो आईने दोन वाक्यांत गुंडाळला होता. काकाही बिचारे पाणी पिऊन जायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

संध्याकाळी मग सह्यांचा कार्यक्रम. काकांनी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या असायच्या. बाबा चष्मा शोधायचेदेखील नाहीत. काकांचं बोट जिथे, तिथे सही. "इथे. आता इथे. आणि ही दुसरी प्रत." सिनेमातला नवराही असाच सही करतो. त्याला वाटतं मोटारीचे कागद आहेत, दुसरी प्रत असेल. प्रत्यक्षात तो स्वतःच्या अपघाती मरणाचा विमा असतो. रेल्वेत मेला तर दुप्पट रक्कम, सिनेमाचं नाव त्यावरूनच. त्या प्रसंगात खून नाही, पिस्तूल नाही, एक कंटाळलेला नवरा आणि एक पेन आहे. पण मला सबंध सिनेमात सगळ्यात भीती तिथेच वाटते.

हे हवेतून आलेलं नाही. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर नावाच्या बाईने कॉर्सेट विकणाऱ्या प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारलं. त्याआधी नवऱ्याच्या नावावर विमा उतरवलेला होता आणि त्यातही दुपटीचं कलम होतंच. पुढच्या जानेवारीत दोघंही विजेच्या खुर्चीत गेली. त्या खटल्यावरून जेम्स केनने कादंबरी लिहिली. हॉलिवूडच्या नीतिरक्षकांनी आधी तिला हातच लावू नका म्हणून बजावलं आणि ती काही वर्षं पडून राहिली. शेवटी वाइल्डर आणि रहस्यकथाकार रेमंड चँडलर या एकमेकांना मुळीच न सोसणाऱ्या दोघांनी एका खोलीत कोंडून घेऊन पटकथा लिहिली. व्यभिचार दाखवायचा, पण दाखवायचा नाही, अशी अट. आपल्याकडे अशा वेळी दोन फुलं एकमेकांवर डोलायची. इथे नेफ सोफ्याच्या एका टोकाला रेलून सिगारेट ओढतोय आणि ती आरशात बघून चेहरा ठीकठाक करतेय, एवढंच. समजायचं ते आपण समजतो.

प्रेम असं या सिनेमात मला कुठे सापडलेलंच नाही. खून ठरवायला ही दोघं भेटतात ती किराणा मालाच्या मोठ्या दुकानात, डब्यांच्या फळ्यांसमोर. तो इकडे बघत बोलतो, ती तिकडे बघत. मध्येच कोणी गिऱ्हाईक हात पुढे करून डबा उचलतं. नंतर तर बाईच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि दोघं दातओठ खात कुजबुजताहेत. मला ते बघून लग्नाला वीस वर्षं झालेलं, महिन्याच्या यादीवरून धुसफुसणारं जोडपंच आठवतं. लग्न नको म्हणून जे केलं, त्यातून हे निघालं! विम्याच्या दाव्यांचा तपास करणारा कीज, म्हणजे एडवर्ड रॉबिन्सन, नेफला हेच ऐकवतो. अशी दोघं एकाच ट्रॅममध्ये बसलेली असतात. मधल्या थांब्यावर उतरायची सोय नाही, आणि शेवटचा थांबा स्मशान. लग्न मोडायला निदान कोर्ट तरी आहे.

हा कीज मला नायकापेक्षा प्रिय आहे. पोटात एक 'छोटा माणूस' आहे म्हणतो, दाव्यात खोट असली की तो आतून ढुसण्या देतो. आत्महत्यांचे आकडे त्याला तोंडपाठ. वंशाप्रमाणे, धंद्याप्रमाणे, विषांच्या प्रकाराप्रमाणे, आणि त्यात सावकाश चाललेल्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारणारा एकही नाही, हे तो नवऱ्याच्या मरणाला आत्महत्या म्हणणाऱ्या साहेबाला ज्या वेगाने ऐकवतो ते केवळ त्याच्यासाठी पुनःपुन्हा बघावं. एवढा जगाचा हिशेब ठेवणारा माणूस, पण सिगारला लागणारी काडी कधी खिशात नसते. दर वेळी नेफ पेटवून देतो. अखेरीस नेफ गोळी लागून दारात कोसळतो, त्याला सिगारेटही पेटवता येत नाही, तेव्हा कीज वाकून काडी ओढतो. पुढे गॅस चेंबरमधल्या शिक्षेचा आख्खा प्रसंग वाइल्डरने चित्रित केला होता, तो त्याने कापून टाकला. या काडीनंतर दाखवायचं काय होतं?

टॉवेल तसाच मांडीवर राहिला होता. अंगठीवरून मी बाबांच्या अंगठीवर जाऊन पोचले होते.

ती लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी घातलेली. बोट वाढत गेलं, अंगठी रुतत गेली. कितीदा म्हटलं सोनाराकडून कापून घेऊ, तर म्हणायचे, "राहू दे, मला काय कुठे लपवायचीय?" शेवटी ती निघाली साबणाच्या फेसाने. काढणारी मी होते आणि बाबांना ते कळत नव्हतं. बोटावर पांढरी खाच राहिली होती, एवढं आठवतं.

तेरावा झाल्यावर विम्याचे काका आले. तेही आता म्हातारे झालेले, पण छत्री तीच असावी. दुपारची वेळ होती. आईने पहिल्यांदाच दार पूर्ण उघडलं. काकांनी कागद पसरले, सवयीने पेन्सिलीच्या फुल्या मारल्या आणि बोट ठेवून म्हणाले, "वहिनी, इथे सही." आईने चष्मा मागवला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. एकेक कलम, बोट फिरवत, पुटपुटत. काका थांबले. पंखा फिरत होता.

दुसऱ्या पानावर ती अडली. "हे काय आहे, दुप्पट?"

काका घसा खाकरून म्हणाले, "ते अपघातासाठी असतं. अपघात असता तर…" आणि पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना.

आईने पेन उचललं. "एकपट पुरे," म्हणाली, आणि सही केली.