आबांच्या दंडावरचे तीन ठिपके

पारोळ्याच्या जुन्या घराची आवराआवर करताना आबांचा पलटणीतला फोटो सापडला. पडक्या भिंतीला टेकून बसलेले सात जवान, हातात चहाचे मग, मध्ये एकीला एक टेकवून उभ्या केलेल्या रायफली. आत्या ठामपणे म्हणाली, "हाऊ फोटो बर्माना शे." म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बर्माच्या आघाडीवरचा. घरात सगळे तेच मानत आले होते.

मला मात्र कपडे खटकले. जाड लोकरी जाकीट, मांडीवर मोठा खिसा असलेली विजार. जंगलातल्या लढाईचा हा वेष नव्हे. आबांच्या दंडावर नखाएवढा काळपट चौकोन होता, त्यात तीन फिके ठिपके. तो मोठा करून बघायचा म्हणून फोटो गावातल्या एका स्टुडिओत दिला आणि तिथेच घोडं अडलं.

तीन दिवसांचा वायदा होता, लागले अकरा. रोज "उद्या या". शेवटी हातात आला तो चकाचक फोटो. सगळ्यांचे चेहरे गोरे, भिंत गुळगुळीत आणि आबांचा दंड कोरा! "भाऊ, बुरशीचे डाग होते, काढून टाकले." मूळ स्कॅन ठेवलेलाच नव्हता. मूळ फोटो कुठल्या पाकिटात गेला हे शोधायला आणखी तीन चकरा. जी एकमेव खूण जागेचा पत्ता सांगणार होती, तीच त्यानं पुसली होती. आजही आठवलं की डोकं तापतं. म्हणून आधीच बजावून सांगा: काही साफ करू नका, जसा आहे तसा १२०० डीपीआयला (इंचामागे १२०० बिंदू) स्कॅन करा.

धुळ्याच्या मित्राकडे तसा स्कॅन केला आणि ठिपक्यांची फुलं झाली. लाल चौकोनावर तीन पिवळी फुलं, ८ व्या भारतीय डिव्हिजनचं, म्हणजे हजारो जवानांच्या मोठ्या सैन्यदलाचं चिन्ह! कृष्णधवल फोटोत बहुतेकदा लाल काळपट दिसतो, पिवळा फिका. बर्मात लढलेल्या १७ व्या डिव्हिजनचं चिन्ह काळं मांजर. ८ वी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत टारान्टोला उतरली आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच लढली. त्याआधी ती इराक-सीरियात होती, हिवाळ्यात तिथेही लोकरी कपडे लागतात. पण मागच्या घरावर उतरती, अर्धगोल कौलं आहेत, म्हणून मी इटली धरतो. चिन्हावरून डिव्हिजन कळते, तिच्यातली लहान तुकडी, म्हणजे बटालियन, कळत नाही. त्यासाठी डिस्चार्ज बुकच लागतं, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारं नोंदींचं पुस्तक.

हो, एक राहिलं. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

आणि विश्रांतीचा फोटो म्हणून वरवर पाहू नका. सहा जणांच्या बुटांच्या नाड्या घट्ट आहेत, प्रत्येकाचं हेल्मेट हाताच्या अंतरावर. फक्त आबांचा एक पाय उघडा, टाचेला चिंधी बांधलेली, मोजा शेजारच्या दगडावर पसरलेला. आत्याला तो भाग मोठा करून दाखवला. तिनं टाचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.